तिसरी खिडकी

केप्याच्या सरकारी कॉलेजात माझ्या खिडकीला जाळी आहे,
जाळीला एक भोक.
भोकातून हात येतात, कागद धरलेले, घामेजलेले.
तेवीस वर्षं मी हात पाहून अर्ज घेतो.
हा हात आला आणि मी मान वर केली.

वर विचारलं, इंग्रजीत, "कंट्री?"

तिने मागे वळून पाहिलं,
दुसऱ्या कुणाला विचारलं असेल म्हणून.
मग म्हणाली, "हांव यल्लापुरची. बापूय हांगाच कामाक आसा,
तिळामळच्या पुलार."
माझ्या आईच्या कोकणीपेक्षा जरा जुनी, जरा रानातली,
पण माझ्याच घरातली भाषा.
जाळीच्या आत एकटा मीच परका बसलो होतो.

ज्युलियाना बस्त्याव सिद्दी. बारावी, एकोणपन्नास टक्के.
दाखला कर्नाटकचा.
"इथे चालत नाही."
हे वाक्य मी झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते.

फोटोच्या चौकोनात एक गोरटेली मुलगी होती,
गाल पिठूळ,
कानांच्या कडा मात्र विसरून काळ्याच राहिलेल्या.
बाजारातल्या स्टुडिओवाल्याने केलं, न विचारता,
आणि दहा रुपये जास्त घेतले.
मी म्हणालो, "असू दे. बरा दिसतो."
ती फोटो सोलायला लागली, नखाने, कोपऱ्यापासून.
"हें म्हजें तोंड न्हय."

रांग खोळंबली. मी जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली.

दोन दिवस ती आली नाही.
मधेच निघून गेलेल्या मुलांना सरकारदरबारी एक शब्द आहे, गळती,
जणू पोरं छपरातून आपोआप ठिबकतात,
भोक कुणी पाडलेलंच नसतं.
घरी भात कालवताना मला ऐकू यायचा
डिंकापासून कागद सुटल्याचा आवाज.

मग काय मोठं केलं आम्ही?
एक पत्र. प्राचार्यांची सही. फी तीन हप्त्यांत.
मामलेदार कचेरीत पाच खेपा, त्यातल्या चार फुकट.
फळदेसाई बाईंनी शनिवारी जमाखर्चाचा वर्ग घेतला:
ही, वेळीपांच्या दोघी,
आणि बार्सेचा एकजण, जो फक्त भज्यांसाठी यायचा.
कँटीनचा कायतान उधारी लिहायचा नेमाने
आणि महिनाअखेर तेवढंच पान त्याला सापडत नसे.

तरी पहिल्या सत्रात तिचे दोन विषय गेले.
तरी बाकावर कुणीतरी काहीतरी कोरलं,
ते मी इथे लिहीत नाही.
शिपायाने दुसरा बाक देऊ केला. ती नको म्हणाली.
त्याच बाकावर बसली तीन वर्षं,
त्या शब्दावर वही ठेवून.
वहीतले आकडे मी एकदा पाहिले,
डावी बाजू उजवीशी जुळेपर्यंत
खोडून खोडून कागद फाटलेला.

बासष्ट टक्के.
आता कुडचड्यात एका पतपेढीत बसते, तिथेही खिडकीतच.
जाळी नाही म्हणाली, काच आहे.

दारातल्या फलकावर त्या वर्षीचे फोटो आहेत अजून.
संध्याकाळचं ऊन थेट त्यावर येतं,
बाकीचे चेहरे चहाच्या डागासारखे फिकट झालेत.
तिचा ओळखू येतो, जिन्यावरून सुद्धा.

आज भोकातून तसाच एक हात आला.
नाताल, तिचा धाकटा.
अर्ज पूर्ण भरलेला, ताईच्या अक्षरात.
चौकोन रिकामा.
मी काहीच विचारलं नाही, देश तर नाहीच.
खिडकी लावली, छत्री घेतली. "चल."

दिव्याखाली तो ताठ बसला, केसांवरून हात फिरवून.
फ्लॅश पडला.
स्टुडिओवाला संगणकाकडे वळला, सवयीने माउसवर बोटं.
मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो.
म्हटलं, "त्याच्या तोंडाला हात लावू नका."